समोरून पाहिलेला दिवा

सातपूरच्या एमआयडीसीत आमची कंपनी पत्र्याची प्रेसची कामं करते. पहिली पाळी सातला सुरू होते आणि पाळीवर येणाऱ्या माणसाला त्याआधी पोटात काहीतरी गरम लागतं. म्हणून कॅन्टीनचा गॅस सहाच्या आत पेटतो. गेली सहा वर्षं तो कुसाबाई पेटवतात. मी स्टोअरला आहे. किल्ल्या माझ्याकडे असल्यामुळे मलाही लवकर यावं लागतं. दिवसातला पहिला चहा आम्ही दोघं कॅन्टीनच्या मागच्या पायरीवर बसून पितो. पुढचं सगळं मला त्या पायरीवरच तुकड्यातुकड्यांनी कळलं. थोडंफार मी स्वतः पाहिलं.

कुसाबाई महिरावणीच्या पुढे, त्र्यंबक रस्त्यापासून दोन किलोमीटर आत एका पाड्यावर राहतात. वय पंचेचाळीस-सेहेचाळीस असेल. नेमकं त्यांनाही सांगता येत नाही. आधार कार्डावर पाड्यातल्या निम्म्या लोकांसारखीच त्यांची जन्मतारीख एक जानेवारी आहे. घरची थोडी भातशेती, वरकस, उताराच्या तुकड्यावर नागली. भात निघालं की नवरा दत्तू द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे जातो आणि द्राक्षं खुडून संपेपर्यंत तिकडेच मुक्कामाला असतो. मुलगी साक्षी नाशिकला नर्सिंग शिकते, होस्टेलवर राहते. म्हणजे थंडीचे चार महिने घरात कुसाबाई एकट्या.

पूर्वी फाट्यावर पहाटे एक जीप मिळायची. दोन वर्षांपूर्वी त्या जीपवाल्याने त्र्यंबकला जाणाऱ्या यात्रेकरूंची भाडी धरली आणि पहाटेची फेरी बंद केली. त्यानंतरच्या गाडीने यायचं तर सात वाजून जायचे. कॅन्टीन चालवणाऱ्या योगिनीताई म्हणाल्या, "मग दुसऱ्या पाळीला या." पण ती पाळी रात्री अकराला सुटते, आणि अकरानंतर पाड्याकडे जायला काहीच मिळत नाही.

घरात एक सायकल होती. साक्षीला आठवीत शाळेतून मिळालेली, लेडीज, पुढे तारेची टोपली असलेली. साक्षीची बारावी झाल्यापासून ती ओट्याच्या कडेला पोत्याखाली उभी होती. कुसाबाईंनी ती बाहेर काढली, पंक्चर काढून आणलं आणि भात झोडून मोकळ्या झालेल्या खळ्यावर शिकायला सुरुवात केली. दत्तू तेव्हा घरी होता. त्याने दोन दिवस मागून कॅरिअर धरलं, तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मला दम लागतोय, तू पडतच शीक." त्या पडत शिकल्या. शेजारची चिमणाबाई कुडाला टेकून रोज बघायची आणि हसायची. गुडघ्यापर्यंतचं लुगडं असल्यामुळे चेनीत काही अडकायचा प्रश्न नव्हता. पंधरा दिवसांनी त्या फाट्यापर्यंत गेल्या आणि न उतरता परत आल्या. महिन्याने कंपनीत आल्या. वॉचमनने सायकल कुठे लावू दिली, एवढाच त्या दिवशी चर्चेचा विषय झाला.

अंतर नऊ किलोमीटर. पाच वाजता निघालं की पावणेसहाला पोचायचं. दिवाळीनंतर पाचला काळोखच असतो, आणि सायकलला दिवा नव्हता.

आधी त्यांनी घरातली बॅटरी ट्यूबच्या रबराने हँडलला बांधली. ती दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी खड्ड्यात उसळून रस्त्याच्या कडेच्या गवतात गेली आणि उजेड पडल्यावर, परतताना सापडली. मग बाजारातून डोक्याला बांधायचा दिवा आणला. शेतात रात्री दारं धरून पाणी देणारे लोक वापरतात तसला. त्यात हात मोकळे राहायचे, पण उजेड मानेबरोबर फिरायचा. कुत्रं भुंकलं की त्या मान वळवायच्या, कुत्रं लख्ख दिसायचं आणि रस्ता काळोखात. शिवाय चिलटं थेट तोंडावर.

सातपूर गावात शेखरचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने एक जुना डायनामो बसवून दिला. डायनामोला सेल लागत नाहीत, चार्जिंग लागत नाही, हे कुसाबाईंना पसंत पडलं. पण तो चाकाच्या वेगावर चालतो. उतारावर झकास उजेड, आणि चढावर, जिथे पाय जड होतात, तिथे दिवा काजव्याएवढा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अशाच एका चढावर पुढचं चाक रस्त्याच्या तुटक्या कडेवरून खाली गेलं. त्या दिवशी त्या कॅन्टीनमध्ये आल्या तेव्हा गुडघा फुटलेला होता. त्यावर हळद दाबून त्यांनी पोहे केले.

तो गुडघा रोहितने पाहिला. रोहित आमच्याकडे क्वालिटीत इंजिनिअर आहे, इंदिरानगरला राहतो. रविवारी सायकलवाल्यांच्या ग्रुपबरोबर डोंगरात जातो. त्याच्या सायकलची किंमत आमच्याकडे कुणी मोठ्याने विचारत नाही.

"मावशी, लाइट कुठला लावता?" त्याने विचारलं.

"डायनामो हाय."

"अहो, डायनामो कोण वापरतं आता! माझ्याकडे एक जास्तीचा पडलाय. उद्या आणतो."

दुसऱ्या दिवशी त्याने एक काळा, मुठीएवढा दिवा आणला आणि स्वतः हँडलवर बसवून दिला. मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होणारा. कॅन्टीनच्या मागच्या भिंतीवर त्याने तो लावून दाखवला, तर दिवसाउजेडीसुद्धा भिंतीवर पांढरा गोल उठला. कुसाबाईंनी तोंडावर पदर धरला.

पुढचे तीन आठवडे त्या दिव्याशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. "रस्ता दुपारसारखा दिसतो," त्या मला सांगायच्या. "आमच्या पाड्यात लग्नाच्या मांडवाला बी असला लाइट नाय लागत." लांबून जाणारं मुंगूस दिसतं, रस्त्यात पडलेली दोरी दोरीच आहे हे आधीच कळतं, समोरून येणारा बाजूला होतो. शेवटचा मुद्दा त्यांना विशेष आवडला होता. मोटरसायकलवालेसुद्धा त्यांना वाट देऊ लागले होते. आयुष्यात पहिल्यांदाच रस्त्यावर कुणीतरी त्यांच्यासाठी बाजूला होत होतं.

पाडा आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये एक ओहोळ आहे. त्यावर पुलासारखी फरशी आहे: सिमेंटची, सात-आठ फूट रुंद, कठडा नसलेली. जानेवारी लागला होता. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची होती. बारकू म्हणून त्यांचा शेजारी, वय साठीच्या आसपास, गव्हाला पाणी देऊन पहाटे सायकलने घरी येत होता. कॅरिअरला फावडं, अंगावर घोंगडी, सायकलला दिवा नाही. चाळीस वर्षं तो त्या वाटेने बिनदिव्याचा येत-जात होता आणि वाट त्याच्या पायांना पाठ होती.

कुसाबाईंना तो लांबूनच दिसला. त्यांनी हाक मारली, "बारकूदादा, पाणी झालं का?"

तो काहीतरी ओरडला. त्यांना वाटलं, उत्तर दिलं. मग त्याने एक हात डोळ्यांपुढे धरला. सायकल एका हाताने वळली, फरशीच्या कडेला गेली, आणि पुढच्या क्षणी त्यांच्या उजेडात नुसती मोकळी फरशी होती.

ओहोळ कोरडा होता. चार-पाच फूट खाली दगडांवर तो पडला होता. कपाळाला खोक, आणि उजवा हात मनगटापासून भलत्याच दिशेला. कुसाबाईंनी दिवा हँडलवरून काढला, खाली उतरल्या, डोक्यावरचा रुमाल फाडून कपाळ बांधलं. बारकू शुद्धीवर होता. त्याने एकच वाक्य म्हटलं, "तो दिवा आधी विझव."

त्यांनी विझवला. मग काळोखात त्याच्या बायकोला, अक्काबाईला, हाका मारत पाड्यावर गेल्या. लोक जमले, कुणाचा तरी छोटा टेम्पो निघाला. नाशिकला नेलं. मनगटाची दोन हाडं मोडली होती. प्लास्टर पडलं, कपाळाला सहा टाके.

त्या दिवशी कॅन्टीनला पोहे झाले नाहीत. चहा मी केला. तो कुणाला आवडला नाही.

दोन दिवसांनी त्या आल्या तेव्हा सायकल होती, दिवा नव्हता. पायरीवर बसल्या आणि न विचारता सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "तुम्हीच सांगा. बिनदिव्याचा कोण होता? तो. मग माझी काय चूक?"

मला त्यांचं म्हणणं बरोबर वाटत होतं आणि पूर्ण बरोबर वाटत नव्हतं.

पाड्यात अक्काबाई वेगळं बोलत होती. पाणवठ्यावर बायका जमल्या असताना ती कुसाबाईंना म्हणाली, "तुझ्या दिव्यानं माझा माणूस खड्ड्यात घातला. तुला दिसावं म्हणून दुसऱ्याला आंधळं करते का तू?"

"त्यानं एवढासा दिवा लावला असता तर?" कुसाबाई म्हणाल्या.

"आपल्या बापजाद्यांनी लावला होता का दिवा? कोण पडलं कवा?"

यावर दोघी तशाच हंडे घेऊन निघून गेल्या. त्यानंतर अक्काबाईने त्यांच्या दारावरून जाणं बंद केलं, मागच्या बांधावरून जायला लागली. बारकूने स्वतः मात्र कुणालाच दोष दिला नाही. विचारलं की सांगायचा, "मला फरशी दिसली नाय." हे वाक्य कुसाबाईंना अक्काबाईच्या भांडणापेक्षा जास्त लागलं, असं मला वाटतं. फरशी तर होती, आणि त्यांच्या दिव्यात ती लख्ख दिसतही होती. मग त्याला का नाही दिसली, हे त्यांच्या डोक्यातून जाईना.

संक्रांतीला साक्षी घरी आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, तू दिव्याच्या मागं असते. पुढं कवा उभी राहिली का?"

कुसाबाई कधीच राहिल्या नव्हत्या. कोण राहतं?

दुसऱ्या दिवशी, सूर्य मावळून अंधार पडल्यावर, दोघी फरशीकडे गेल्या. कुसाबाई फरशीवर, बारकू जिथे होता साधारण तिथे, उभ्या राहिल्या. साक्षी दिवा लावलेली सायकल घेऊन पन्नास-साठ पावलं लांब गेली आणि सायकलवर बसून त्यांच्याकडे यायला लागली.

हे त्यांनी मला नंतर पायरीवर सांगितलं. "आधी नुसता तारा दिसला," त्या म्हणाल्या. "मग मोठा झाला. मग पांढरं झालं सगळं. फरशी नाय, ओहोळ नाय, पोरगी नाय. माझे पाय बी मला दिसेनात. मी ओरडले, थांब. तर ती म्हणते, काय? तिला वाटलं मी काय बोलते हाय." साक्षी जवळ येऊन थांबली तेव्हा कुसाबाई फरशीच्या मधोमध खाली बसलेल्या होत्या. कडा कुठे आहे ते कळत नव्हतं, म्हणून त्या हलल्याच नव्हत्या.

दिवा विझवल्यावरही डोळ्यांपुढे बराच वेळ हिरवे डाग होते. त्या डागांसकट त्या तशाच बारकूच्या घरी गेल्या. बारकू खाटेवर होता, अक्काबाई चुलीपुढे. कुसाबाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"दादा," त्या म्हणाल्या, "मी आता समोर उभी राहून आले. मला बी नाय दिसली फरशी."

बारकू म्हणाला, "बस."

"बसत नाय. चूक माझीच हाय, एवढं सांगायला आले."

अक्काबाईने मागे न बघता चुलीत लाकूड सारलं. "चूक सांगून गव्हाला पाणी जातं का?"

"रविवारी मी धरते दारं," कुसाबाई म्हणाल्या.

"काय गरज नाय. माझा भाऊ येतो."

भाऊ एकदाच आला. त्यापुढच्या रविवारी कुसाबाई फावडं घेऊन बारकूच्या शेतात गेल्या आणि कुणी हो-नाही म्हणायची वाट न बघता वाफे भरायला लागल्या. चार रविवार त्यांनी ते केलं. दुसऱ्या रविवारी अक्काबाईने बांधावर भाकर आणून ठेवली आणि परत गेली. तिसऱ्या रविवारी भाकर आणली आणि बसली. बोलल्या की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

रोहितला त्यांनी दिवा परत केला. कापडात गुंडाळून आणला होता. तो घेईना. सगळं कळल्यावर त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "मावशी, तो डोंगरातल्या पायवाटांसाठी आहे. रस्त्यावर मी तो कमी करून, खाली वळवून लावतो. हे तुम्हाला सांगायला हवं होतं. माझ्या लक्षातच आलं नाही."

"तुम्ही चांगल्यासाठीच दिला," त्या म्हणाल्या. "डोंगरातला हाय, डोंगरात वापरा."

आता प्रश्न पुन्हा पहिल्यापासून होता. थंडी संपली नव्हती, पाच वाजता काळोख होता, आणि दिवा घ्यायचा होता. फरक एवढाच, की या वेळी काय नको ते त्यांना माहीत होतं. एका शनिवारी पाळी सुटल्यावर त्या शेखरच्या दुकानात गेल्या. मला ट्यूब बदलायची होती, म्हणून मीही होतो.

शेखरने काउंटरवर पाच-सहा दिवे मांडले आणि एकेक लावून समोरच्या भिंतीवर उजेड पाडून दाखवायला लागला. "हा बघा, मावशी, लांबपर्यंत जातो. हा त्याच्याहून लांब."

"असं नको," कुसाबाई म्हणाल्या. "शटर ओढ."

"काय?"

"शटर ओढ खाली. अंधार कर. आणि तू दिवा धरून तिथं मागं उभा राहा. मी इथं."

शेखरने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. त्याने शटर ओढलं. बाहेर हवा भरायला आलेला कुणीतरी "ओ शेखरभाऊ, काय चाललंय आत?" म्हणून शटरवर थापा मारायला लागला. आत शेखर एकेक दिवा हँडलच्या उंचीवर धरत होता आणि कुसाबाई दुकानाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहून त्या दिव्यात बघत होत्या. बघून झालं की मान खाली घालून स्वतःचे पाय दिसतात का ते पाहायच्या.

पहिला: "नाय." दुसरा: "नाय." तिसरा लुकलुकणारा होता, तो लावल्याबरोबर त्यांनी तोंड फिरवलं. "हा तर पाखरं भुलवायचा हाय." चौथा लहान, पिवळसर उजेडाचा, सगळ्यात स्वस्तातला. त्यात त्यांना पाय दिसले, पण तरी डोळ्यांवर येत होताच.

"खाली धर," त्या म्हणाल्या. "अजून खाली. चाकापाशी."

शेखरने तो गुडघ्याच्या खाली, चाकाच्या दांड्यापाशी धरला. झोत जमिनीवर लांबट पसरला. खाली टाकलेल्या नटांच्या, छर्‍यांच्या लांब सावल्या पडल्या. प्रत्येक नट वेगळा दिसायला लागला.

"ह्यात खड्डा कळतो," कुसाबाई म्हणाल्या. "वरून उजेड पडला की सगळं सपाट दिसतं. हा हवा, आणि इथंच बसव. टोपलीखाली."

"टोपलीखाली कोण दिवा लावतं, मावशी? दिसणार पण नाही."

"कुणाला दिसणार नाय?"

शेखरने डोकं खाजवलं, पट्टी शोधली आणि दिवा पुढच्या चाकाच्या दांड्याला, टोपलीच्या बुडाखाली आवळला. टोपलीच्या बुडाला त्याने जुन्या मडगार्डचा पत्र्याचा तुकडा लावला. वर जाणारा उजेड त्या पत्र्याला अडला. त्या पुन्हा समोर उभ्या राहिल्या, मग वाकल्या, मग जरा बाजूला सरकून पाहिल्या. मग म्हणाल्या, "उघड शटर."

शेखर नंतर मला म्हणाला, "वीस वर्षं दुकान चालवतोय. सगळे मागून बघतात, किती लांब जातो. पुढं जाऊन बघणारं गिऱ्हाईक पहिलंच."

मागचा तांबडा दिवा त्याने आपण होऊन सुचवला. त्र्यंबक रस्त्यावर कामं निघाल्यापासून पहाटे डंपर जायचे, आणि ते मागून यायचे. समोरच्याला दिसण्यापेक्षा मागच्याला दिसणं जास्त गरजेचं, हे तो म्हणाला आणि ते कुसाबाईंना पटलं. सीटच्या खालच्या नळीला तो बसवला. पण तिथे एक घोळ झाला. आठवड्याने आमच्याच प्रेसवरचा एक ऑपरेटर, जो त्याच रस्त्याने मोटरसायकलवर येतो, त्यांना म्हणाला, "मावशी, मागं लाइट लावलाय म्हणता, मला तर काही दिसत नाही." थंडीची शाल मागे सुटून दिव्यावर पडत होती. तो तांबडा दिवा आठवडाभर शालीच्या आत पेटत होता. मग तो कॅरिअरच्याही मागे, मडगार्डवर गेला. या वेळी त्यांनी आपली शाल त्या ऑपरेटरला पांघरून त्याला सीटवर बसवलं आणि स्वतः मागे जाऊन पाहिलं. आमच्या गेटवर हे चाललं होतं. वॉचमनने गेटच्या वहीत काही लिहिलं नाही.

नव्या दिव्यात रस्ता दुपारसारखा दिसत नाही. दहा-बारा पावलं दिसतो, म्हणून त्या सावकाश येतात आणि दहा मिनिटं आधी निघतात. मुंगूस जवळ आल्याशिवाय कळत नाही. मोटरसायकलवाले पूर्वीसारखे बाजूला होत नाहीत. याची त्यांना खंत आहे का, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "थोडी हाय."

बारकूचं प्लास्टर फेब्रुवारीच्या शेवटी निघालं. मनगट बसलं, पण थोडं तिरकं बसलं. फावड्याची मूठ त्याला पूर्वीसारखी आवळता येत नाही, आणि पावसाळ्यात ते ठणकतं. कुसाबाईंनी त्याच्यासाठीही शेखरकडून एक दिवा नेला. त्याने "कशाला गं" म्हणत ठेवून घेतला. सायकलला तो त्याने लावलेला नाही. गोठ्यात खुंटीला टांगलाय, आणि गाय व्यायली त्या रात्री त्याचा फार उपयोग झाला, असं अक्काबाई सगळ्यांना सांगते. बारकू अजून बिनदिव्याचाच जातो. कुसाबाई तो समोरून दिसला की उतरतात आणि कडेला उभ्या राहतात. तो जवळून जाताना "पाय दिसतात का, दादा?" असं विचारतात. तो "दिसतात, दिसतात" म्हणतो आणि जातो. ग्रामपंचायतीत फरशीला कठडा बांधायचा अर्ज साक्षीने लिहून दिला. त्यावर अजून काही झालेलं नाही; दोन्ही कडांना पांढरा चुना मात्र कुणीतरी मारला.

या दिवाळीनंतर आमच्या कंपनीत दुसरी लाइन सुरू झाली आणि कॅन्टीनला आणखी दोन बायका लागल्या. कुसाबाईंनी चिमणाबाई आणि सुलाबाईला आणलं. दोघींनी सायकल त्याच खळ्यावर शिकून घेतली. चिमणाबाई शिकत असताना कुसाबाई कुडाला टेकून उभ्या होत्या, पण हसल्या नाहीत असं त्या मला शपथेवर सांगतात. योगिनीताईंनी दोघींनाही दिवे घेण्यासाठी उचल देऊ केली होती. कुसाबाई म्हणाल्या, नको. तीन सायकली एकामागे एक येणार असतील तर तीन पांढरे आणि तीन तांबडे कशाला? पुढचीला पांढरा, शेवटचीला तांबडा, मधलीला काही नाही. मधलीने पुढचीच्या मडगार्डकडे बघत यायचं.

यावर त्यांची रोज भांडणं होतात. सुलाबाईला मधे राहायचं नसतं, कारण पुढून धूळ आणि मागून चिमणाबाईची बडबड. चिमणाबाईला शेवटी राहायचं नसतं, कारण मागे डंपर. शेवटी दर सोमवारी दिवे काढून दुसऱ्या सायकलींवर बसवायचे, असं ठरलं. बसवल्यावर प्रत्येकीने एकदा पुढे आणि एकदा मागे जाऊन बघायचं, हा नियम कुसाबाईंचा.

काल सोमवार होता. मी गेटवर होतो तेव्हा पाच पन्नासला त्या तिघी आल्या. सुलाबाई पुढे, कुसाबाई मधे, चिमणाबाई शेवटी. सायकली लावता लावता चिमणाबाई म्हणत होती की एक कुत्रं महिरावणीपासून वाटेतल्या पिंपळगावपर्यंत तिच्या मागे होतं आणि पुढच्या दोघींना पत्ताही नव्हता. कुसाबाईंनी दोन्ही दिवे काढले, आत नेले आणि कॅन्टीनच्या बोर्डाला चार्जिंगला लावले. मग हात धुऊन गॅस पेटवला.